निवडणुकीच्या कामाची निविदा फेटाळली, बिल अडकले: दाद कुठे, कधी आणि कशी मागायची

निवडणूक जाहीर झाली की जिल्हाधिकारी कार्यालयाच्या निवडणूक शाखेतून निविदांची रीघ लागते. मतदान केंद्रांवर मंडप, प्रशिक्षणाला खुर्च्या आणि ध्वनिक्षेपक, मतमोजणीच्या जागी बॅरिकेडिंग, स्ट्राँगरूमला सीसीटीव्ही, भरारी पथकांबरोबर व्हिडिओग्राफर, कर्मचाऱ्यांचे जेवण, छपाई, झेरॉक्स. मतदान यंत्रांशी स्थानिक व्यावसायिकाचा संबंध येत नाही. ती भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि ईसीआयएल या सरकारी कंपन्या बनवतात. पण बाकीचा सगळा पसारा जिल्ह्यातले मंडपवाले, केटरर, छापखानेवाले आणि स्टुडिओवाले उभा करतात. त्यांच्यातल्याच कुणाचा तरी लिफाफा क्षुल्लक कारणाने बाद होतो, कुणाचे बिल निम्म्यावर येते, आणि बहुतेक जण "सरकारशी कोण भांडणार" म्हणून गप्प बसतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. निविदेच्या वादात अपील करण्यासाठी महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा नाही. कर्नाटकात आहे: तिथल्या १९९९ च्या सार्वजनिक खरेदी पारदर्शकता कायद्याच्या कलम १६ खाली निविदा स्वीकारण्याच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते. बेळगाव-निपाणीकडच्या मराठी ठेकेदारांनी हे कलम लक्षात ठेवावे. तामिळनाडूच्या १९९८ च्या कायद्यात ही मुदत १० दिवसांची आहे, आणि राजस्थानच्या २०१२ च्या कायद्यात तर पहिले आणि दुसरे अशी दोन अपिले आहेत. आपल्याकडे मात्र निविदेतल्या अटी, उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने आलेली खरेदीची नियमपुस्तिका, वरिष्ठांकडे निवेदन आणि शेवटी उच्च न्यायालय, एवढाच रस्ता आहे. इथे "अपील" या शब्दाचा खरा अर्थ लेखी निवेदन असा होतो. म्हणूनच ते कसे लिहिले आहे आणि कोणत्या दिवशी दिले आहे, यावर सगळे ठरते.

निवडणूक कोणाची, ते आधी पाहा

लोकसभा किंवा विधानसभा असेल तर खरेदी करणारा जिल्हा निवडणूक अधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारीच. रोजचे काम उपजिल्हा निवडणूक अधिकारी पाहतो. त्यांच्या वर मंत्रालयातले मुख्य निवडणूक अधिकारी आणि त्यांच्या वर भारत निवडणूक आयोग. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम १३सीसी नुसार निवडणुकीच्या कामापुरते हे अधिकारी आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानले जाते. त्यामुळे या काळात पालकमंत्र्यांकडे किंवा आमदारांकडे तक्रार नेऊन काही हाती लागत नाही, उलट तुमच्याच हेतूवर शंका येते.

महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत असेल तर वरचे कार्यालय वेगळे: राज्य निवडणूक आयोग. इथे खरेदी कधी महापालिका आयुक्त करतात, कधी जिल्हाधिकारी. निविदा सूचनेखाली सही कोणाची आहे ते पाहा; पहिले निवेदन त्याच पदनामाने जाते. चुकीच्या कार्यालयाला दिलेला अर्ज "योग्य त्या कार्यवाहीसाठी" म्हणून फिरत राहतो आणि तोवर मतदान होऊन जाते.

आणखी एक फरक. तुमची जीप किंवा बस निवडणुकीसाठी अधिग्रहित केली असेल तर तो करार नव्हेच. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १६० खाली वाहन घेतले जाते आणि कलम १६१ खाली मोबदला ठरतो. तो कमी वाटला तर लवादाकडे प्रकरण पाठवण्याची मागणी राज्य सरकारकडे करायची असते, आणि तिची मुदत अगदी थोडी असते. निविदेच्या वादाचे नियम तिथे लावत बसू नका.

निविदा वाचाल त्याच दिवशी हरकत घ्या

बहुतेकांची चूक इथेच होते. अट जाचक आहे हे दिसत असते. "मागील तीन वर्षांत याच जिल्ह्यात निवडणुकीचे काम केल्याचा अनुभव" असे लिहिलेले असते, म्हणजे जुन्या ठेकेदाराशिवाय कोणी बसूच नये. तरीही माणूस म्हणतो, आधी भरून तर टाकू, मग बघू. हे "मग" कधीच येत नाही. अट मान्य करून निविदा भरली, बाद झालो आणि नंतर अटीविरुद्ध ओरडलो, तर न्यायालय पहिला प्रश्न विचारते: भरताना का नाही बोललात?

निवडणुकीच्या निविदा बहुधा अल्पमुदतीच्या असतात. महाटेंडर्सवर, म्हणजे राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर, सूचना दिसली त्याच संध्याकाळी पूर्ण दस्तऐवज उतरवून घ्या आणि पुढच्या चार गोष्टी शोधा: पात्रतेच्या अटी, निविदापूर्व बैठकीची तारीख, शंका विचारण्याची शेवटची वेळ, आणि वाद निवारणाचे कलम असल्यास ते. मग अट क्रमांकासह लेखी शंका पाठवा. "अट अन्यायकारक आहे" असे मोघम लिहू नका. "अट क्र. ७ मध्ये याच जिल्ह्यातला अनुभव मागितला आहे, इतर जिल्ह्यांतील किंवा इतर शासकीय कार्यालयांतील तितक्याच रकमेचा अनुभव ग्राह्य धरावा" असे लिहा. अधिकाऱ्याला शुद्धिपत्रक काढायचे असेल तर त्याच्या हातात तयार वाक्य पडते. उत्तर आले नाही आणि मुदत संपत आली, तर निविदा जरूर भरा, पण हरकत कायम ठेवल्याचे स्वतंत्र पत्र त्याच दिवशी आवक शाखेत द्या.

कशाविरुद्ध तक्रार करू नये, हेही कळायला हवे. किती मंडप लागतील, जेवण पाकिटात द्यायचे की पंगतीत, हे ठरवणे कार्यालयाचे काम. राजस्थानच्या कायद्याने तर गरज ठरवणे, वाटाघाटी करणे आणि निविदा प्रक्रिया रद्द करणे हे विषय अपिलातूनच वगळले आहेत. आपल्याकडे तसे लिहिलेले नसले तरी अधिकारी आणि न्यायाधीश त्याच धर्तीवर विचार करतात.

तांत्रिक लिफाफा बाद झाला: पहिले दोन दिवस

खरी लढाई तांत्रिक लिफाफ्याचा (पात्रतेच्या कागदपत्रांचा) निकाल आणि आर्थिक लिफाफा (दरांचा) उघडणे यांच्या मधल्या तासांत असते. आर्थिक लिफाफे उघडून दर सर्वांना कळले की घड्याळ मागे फिरवायला कोणी तयार होत नाही. वर्क ऑर्डर निघून मंडपाचे बांबू जागेवर पडले, की जवळजवळ संपलेच.

पोर्टलवर "अपात्र" दिसताच त्या पानाचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्या. मग कारण शोधा. अनेकदा ते एका ओळीचे असते: "उलाढाल प्रमाणपत्र ग्राह्य नाही." आपली कागदपत्रे प्रामाणिकपणे तपासा. सीएच्या प्रमाणपत्रावर ते पडताळता येण्यासाठीचा यूडीआयएन क्रमांक आहे का? बयाणा रकमेतून (निविदेसोबतच्या अनामतीतून) सूट घेतली असेल तर उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, जोडली होती का? पान उलटे स्कॅन झाले होते का? चूक आपलीच असेल तर तसे मान्य करा आणि पुढच्या निविदेकडे वळा. कागद जोडलेला होता आणि समितीने पाहिला नाही, किंवा तोच दोष असलेला दुसरा निविदाधारक पात्र ठरला, तर मात्र तुमची बाजू भक्कम आहे.

खरेदी जेम या केंद्राच्या सरकारी खरेदी पोर्टलवर असेल तर तांत्रिक मूल्यमापनानंतर हरकत नोंदवण्यासाठी सहसा ४८ तासांची खिडकी मिळते. ती पोर्टलवरच वापरा. कार्यालयात कागद देऊन भागत नाही. महाटेंडर्सवर किंवा कागदी निविदेत अशी खिडकी नसेल तर स्वतःच ४८ तासांची मर्यादा घालून घ्या.

निवेदनाचा मजकूर

दोन पानांपेक्षा मोठे करू नका. साधारण साचा असा:

प्रति, मा. जिल्हा निवडणूक अधिकारी तथा जिल्हाधिकारी, जिल्हा ……
विषय: निविदा क्र. …… मधील तांत्रिक अपात्रतेबाबत हरकत व आर्थिक लिफाफा उघडण्यापूर्वी फेरविचार करणेबाबत.
संदर्भ: १) निविदा सूचना दि. …… २) पोर्टलवरील निकाल दि. …… वेळ ……
महोदय, वरील निविदेत आम्ही मुदतीत सहभाग घेतला. अट क्र. …… नुसार आवश्यक असलेले …… प्रमाणपत्र आमच्या तांत्रिक लिफाफ्यात पान क्र. …… वर जोडलेले आहे. तरीही "……" या कारणाने आम्हाला अपात्र ठरवले आहे. हे कारण निविदेतील कोणत्याही अटीत बसत नाही / वस्तुस्थितीला धरून नाही. सबब विनंती की, १) मूल्यमापन समितीमार्फत फेरतपासणी करावी, २) तोवर आर्थिक लिफाफा उघडू नये, ३) विनंती अमान्य केल्यास सकारण लेखी आदेश द्यावा.

तिसरी विनंती कधीही गाळू नका. १९७७ च्या मोहिंदरसिंग गिल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आदेश त्यातल्याच कारणांवर टिकला पाहिजे. नंतर प्रतिज्ञापत्रातून नवी कारणे जोडून त्याला टेकू देता येत नाही. तो खटला निवडणुकीचाच होता, फिरोजपूरच्या फेरमतदानाचा, आणि त्यात न्यायालयाने आधार घेतला तो १९५१ च्या गोर्धनदास भानजी निकालाचा, म्हणजे अंधेरीतल्या एका चित्रपटगृहाच्या परवान्यावरून मुंबईच्या पोलीस आयुक्तांशी झालेल्या वादाचा. तुमच्या हातात एका ओळीचे कारण लेखी असेल, तर उद्या न्यायालयात कार्यालयाला त्या ओळीच्या पलीकडे सहज जाता येत नाही.

निवेदन दोन प्रतींत न्या. आवक शाखेत द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि शक्यतो वेळ घ्या. तोच मजकूर कार्यालयाच्या अधिकृत ईमेलवरही पाठवा. "साहेबांना प्रत्यक्ष भेटून सांगितले" याला नस्तीत जागा नसते. भाषा सौम्य ठेवा आणि पुरावा नसताना "संगनमत" हा शब्द वापरू नका. मी पाहिलेली बरीच चांगली निवेदने त्या एका शब्दाने वाया गेली, कारण अधिकारी मुद्दा सोडून स्वतःचा बचाव करायला लागतो.

वर कधी जायचे

निवडणुकीच्या दिवसांत उत्तरासाठी पंधरा दिवस थांबणे परवडत नाही. दोन-तीन दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आर्थिक लिफाफा उघडण्याची तारीख जवळ आली, तर पहिल्या निवेदनाची पोच जोडून मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे, स्थानिक निवडणुकीत राज्य निवडणूक आयोगाकडे जा. खाली "प्रत माहितीसाठी" म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना द्या. लपूनछपून काही करू नका. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम १७३ निविदाधारकाला अटींवर, प्रक्रियेवर आणि निविदा फेटाळण्यावर प्रश्न विचारता यावा, तशी तरतूद निविदा दस्तऐवजातच असावी, असे सांगतो. राज्याच्या कार्यालयाला तो थेट लागू नाही. तरी शासकीय खरेदीत निष्पक्षपणा म्हणजे काय, हे दाखवायला त्याचा उल्लेख उपयोगी पडतो.

माहिती अधिकाराचा अर्ज जरूर करा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. उत्तराला ३० दिवस असतात. तेवढ्यात निकालही लागलेला असतो. तुलनात्मक तक्ता, समितीचे इतिवृत्त, पात्र ठरलेल्याचे अनुभव प्रमाणपत्र ही कागदपत्रे बिलाच्या किंवा नुकसानभरपाईच्या टप्प्यावर कामाला येतात.

उच्च न्यायालय: कधी जावे, काय मागावे

संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच, तुमच्या जिल्ह्याप्रमाणे. न्यायालय समितीच्या जागी बसून गुण देत नाही. निर्णयाची प्रक्रिया मनमानी होती का, हेतू दूषित होता का, एवढेच पाहते. १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालापासून ही रेषा ठरलेली आहे. नागपूर मेट्रोच्या कंत्राटावरच्या २०१६ च्या अॅफकॉन्स निकालात तर सर्वोच्च न्यायालय म्हणाले की निविदेचा अर्थ ज्याने ती लिहिली त्यालाच सर्वांत चांगला कळतो. म्हणजे "अटीचा दुसराही अर्थ निघतो" एवढ्यावर याचिका टिकत नाही. अट लिहिलेली होती, तिला बगल देऊन दुसऱ्याला घेतले, हे दाखवावे लागते.

उशिराची किंमत काय असते, ते मुंबईच्याच एका खटल्यात दिसते. जानेवारी १९७७ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने मुंबई विमानतळावर उपाहारगृह चालवायला निविदा मागवल्या. अट होती नोंदणीकृत दुसऱ्या श्रेणीच्या हॉटेल व्यावसायिकाची, पाच वर्षांच्या अनुभवासह. काम मिळाले ते कँटीन चालवणाऱ्याला. रमणा शेट्टी यांनी आव्हान दिले आणि १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे तत्त्वतः मान्य केले: शासनाने स्वतः घातलेल्या अटी शासनावरही बंधनकारक आहेत. आजही निविदेच्या वादात हा निकाल पुढे ठेवला जातो. पण शेट्टींची याचिका फेटाळली गेली. ते पाच महिन्यांहून जास्त उशिरा आले होते, आणि तोवर यशस्वी निविदाधारकाने खर्च करून सामानसुमान बसवून टाकले होते. निवडणुकीच्या कामात पाच महिने सोडा, पाच दिवसही तसेच मोजले जातात.

निवडणूक म्हटली की सरकारी वकील अनुच्छेद ३२९ पुढे करतात. स्थानिक निवडणुकीत २४३ओ आणि २४३झेडजी. यांचा रोख निवडणुकीला आव्हान देण्यावर आहे. मंडपाच्या ठेक्याचा वाद म्हणजे निवडणुकीला आव्हान नव्हे. तरीही अशोक कुमार प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने रेषा आखून दिली आहे: निवडणुकीत खंड, अडथळा किंवा विलंब होईल असा हस्तक्षेप नको. म्हणून मागणी जपून घाला. "निविदा प्रक्रिया स्थगित करा" अशी मागणी मतदान दहा दिवसांवर असताना मान्य होणे कठीण. "आमचा आर्थिक लिफाफाही इतरांबरोबर उघडून विचारात घ्यावा" या मागणीने कोणाचेच काम थांबत नाही. वकिलाला हे आवर्जून सांगा. कंत्राटांना स्थगिती देण्याऐवजी नुकसानभरपाईकडे वळवण्याचा कल २०२२ च्या एन. जी. प्रोजेक्ट्स निकालापासून आणखी वाढला आहे.

काम मिळाले, मग बिल अडकले

माझ्या अनुभवात निविदेपेक्षा बिलाचे वाद कितीतरी जास्त, आणि त्यांचे मूळ एकच: तोंडी हुकूम. प्रशिक्षणाच्या सकाळी फोन येतो, "ऊन फार आहे, आणखी वीस कूलर लावा." लोकशाहीचे काम म्हणून माणूस लावतो. नंतर बिलावर शेरा येतो: कार्यादेशात समाविष्ट नाही. संविधानाच्या अनुच्छेद २९९ प्रमाणे शासनाचा करार ठराविक रीतीने, लेखी व्हावा लागतो. फोनवरच्या आदेशाने तो होत नाही. पण म्हणून पैसे बुडाले असेही नाही. भारतीय करार अधिनियम १८७२ चे कलम ७० सांगते की फुकट देण्याच्या हेतूने न केलेल्या कामाचा लाभ दुसऱ्याने घेतला असेल, तर त्याला मोबदला द्यावा लागतो. १९६१ मध्ये बी. के. मोंडल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम शासनालाही लावले. अट एकच: काम झाले आणि ते वापरले, हे तुम्हाला सिद्ध करता आले पाहिजे.

माझ्या परिचयातला एक मंडप व्यावसायिक रोज रात्री कार्यालयाच्या नोडल अधिकाऱ्याला संदेश पाठवत असे: "आज आपल्या सूचनेनुसार अमुक केंद्रावर जादा इतके पंखे, इतकी टेबले लावली," सोबत फोटो. उत्तर यायचे ते बहुधा नुसते "ओके". चार महिन्यांनी बिलात कपात झाली तेव्हा त्याच "ओके"ंच्या प्रिंट जोडून त्याने निवेदन दिले आणि जादा कामाची बरीचशी रक्कम मंजूर झाली. असे संदेश फोनमधून पुसू नका, फोन बदलू नका. प्रकरण न्यायालयात गेले तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. शिवाय प्रत्येक ठिकाणी केंद्राध्यक्ष, तलाठी किंवा पर्यवेक्षकाची साहित्य मिळाल्याची सही घ्या. मतदान संपल्यावर ही माणसे आपापल्या कार्यालयांत परततात आणि सही मिळवायला महिने जातात.

तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यमवर नोंदलेले असाल तर २००६ चा एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा खूप मोलाचा आहे. नोंदणी मात्र कामाच्या आधीची हवी. माल किंवा सेवा मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर ती स्वीकारली असे धरले जाते. करारात काहीही लिहिले असले तरी पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज. दाद याच कायद्याखालच्या सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे मागायची. अर्ज ऑनलाइन होतो. कायद्यात निर्णयाला ९० दिवस आहेत, प्रत्यक्षात जास्त लागतात. पण परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचे तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, आणि "अनुदान आले नाही" हे नेहमीचे उत्तर तिथे फारसे चालत नाही.

या कायद्यात न बसणाऱ्यांसाठी दिवाणी दावा आहे. मुदत तीन वर्षांची, आणि त्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस. "जिल्हाधिकाऱ्यांचा निर्णय अंतिम राहील" या कलमाने घाबरून जाऊ नका. करार मोडला कोणी, हे कराराच्या एकाच पक्षाने ठरवायचे नसते, असे २०११ च्या जे. जी. इंजिनिअर्स निकालात स्पष्ट म्हटले आहे.

काळ्या यादीची नोटीस

मतदानाच्या दिवशी जेवण उशिरा पोचले, कॅमेरा बंद पडला, की कधी कधी बयाणा जप्तीबरोबर काळ्या यादीची भाषा होते. ही नोटीस हलक्यात घेऊ नका. एका जिल्ह्याच्या शेऱ्यावर दुसरी कार्यालयेही तुम्हाला बाद करतात. २०१४ च्या गोरखा सिक्युरिटी निकालानुसार काळ्या यादीत टाकण्याचा विचार आहे हे कारणे दाखवा नोटिशीत दिसलेच पाहिजे; नुसते "योग्य ती कारवाई करू" पुरत नाही. उत्तर दिलेल्या मुदतीत, मुद्देनिहाय द्या, प्रत्यक्ष सुनावणी मागा, आणि किती काळासाठी यादीत टाकणार हे स्पष्ट करण्याची लेखी विनंती करा. नोटीस न देताच आदेश आला असेल तर त्याच आठवड्यात वकील गाठा, कारण पुढच्या प्रत्येक निविदेतल्या प्रतिज्ञापत्रात त्याचा उल्लेख करणे तुम्हाला भाग असते.